आरसा नसलेला कॅमेरा

स्थळ सुचवणारे मध्यस्थ मुलाचा पगार सांगतात, कर्ज सांगत नाहीत. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकाचंही तसंच आहे. बॉडीचं वजन ठळक अक्षरांत, आणि तिला लावायच्या लेन्सचं वजन कुठंतरी शेवटच्या पानावर, मुंग्यांच्या रांगेसारख्या टायपात. प्रवासाला हलका कॅमेरा घ्यायचा म्हणून मी तीन महिने ही पत्रकं वाचली. एवढा अभ्यास मॅट्रिकला केला असतात तर गणितात पस्तीसवर अडकला नसतात, असं आमच्या हिचं मत पडलं.

निमित्त झालं खांद्याचं. उजवा खांदा आखडला आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘‘या खांद्यावर काय वाहता?’’ संसार, असं उत्तर जिभेवर आलं होतं. पण ही शेजारीच बसली होती. म्हणून खरं ते सांगितलं. माझा जुना कॅमेरा आणि त्याची लेन्स मिळून सव्वा किलो.

तो कॅमेरा आरसेवाला. लेन्समधून आलेला उजेड आत तिरक्या बसवलेल्या आरशावर आपटतो, वरच्या प्रिझममधून वळसा घेतो आणि आपल्या डोळ्यांत येतो. बटण दाबलं की आरसा उडी मारून बाजूला होतो. त्याचा जो ‘खटॅक’ असा आवाज येतो, त्यावर माझं मनापासून प्रेम. तो ऐकला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. आरसा काढून टाका, की प्रिझमही जातं, बॉडी चपटी होते आणि समोरचं दृश्य डोळ्याशी धरायच्या चिमुकल्या पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकने 2008 साली जी-1 नावाचा असा कॅमेरा पहिल्यांदा आणला.

ही तारीख माझ्या मनात रुतून बसली आहे. कारण 2009 साली आम्ही हंपीला गेलो होतो. आम्ही दोघं, दादा आणि वहिनी. पहिले दोन दिवस मी तो धोंडा गळ्यात बांधून दगडी रथापासून हत्तींच्या पागेपर्यंत हिंडलो. दादा म्हणाला, ‘‘अरे, हा कॅमेरा आहे की जातं?’’ तिसऱ्या दिवशी पहाटे मातंग टेकडी चढायची होती. मान दुखत होती. कॅमेरा लॉजवरच ठेवला.

वर पोचलो तेव्हा सूर्य नुकता उगवत होता. खाली विरूपाक्षाचं गोपुर, पलीकडे तुंगभद्रा, आणि सत्तरीचा दादा एका शिळेवर बसून, टोपी काढून, शेंगदाण्याचा लाडू खात होता. इतका खूश मी त्याला त्याच्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. ‘‘काढ बघू एक फोटो,’’ तो म्हणाला. माझ्या खिशात फोन होता, पण तो तेव्हा फक्त फोन होता.

पुढच्या वर्षी दादा गेला. भिंतीवर लावलेला त्याचा फोटो एका लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला आहे. त्यात दादाच्या खांद्यावर एक हात आहे. तो कोणाचा, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

असो. दुकानात गेलो तो स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून. विक्रेत्याने मला दोन बॉडी दाखवल्या. फुजीचा एक्स-टी 30, 2019 सालचा. ऑलिंपसचा ई-एम 10, चौथी आवृत्ती, 2020 सालची, कोणीतरी वापरून विकलेली. बॅटरी आणि कार्ड धरून दोन्हींचं वजन 383 ग्रॅम. एका ग्रॅमचा फरक नाही! मग मी लेन्सा लावायला सांगितलं. फुजीची 18-55 ही 310 ग्रॅमची निघाली, ऑलिंपसची 14-42 ही 93 ग्रॅमची. म्हणजे एक जोडी पावणेसातशेच्या पुढे, दुसरी पाच शेराची... चुकलो, पावशेराच्या हिशेबात सांगायचं तर पुरती अर्धा किलोसुद्धा नाही. विक्रेता मग मोठा सेन्सर असलेला सोनीचा ए-7 सी घेऊन आला. ‘‘सर, बॉडी फक्त 509 ग्रॅम!’’ त्याची प्रवासाला सोयीची 24-105 लेन्स 663 ग्रॅमची. नवऱ्यामुलापेक्षा करवली जड. आरसा काढून वाचवलेलं वजन काचेने व्याजासकट वसूल केलं.

याचं कारण सेन्सर. सोनीचा 36 बाय 24 मिलिमीटर, ऑलिंपसचा 17.3 बाय 13, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण चौथा हिस्सा. छोट्या सेन्सरला छोटी काच पुरते. पण फुकट काही मिळत नाही. अंधारात छोट्या सेन्सरच्या फोटोत रव्यासारखे दाणे लवकर दिसू लागतात, आणि ती 93 ग्रॅमची लेन्स उजेडाच्या बाबतीत चिक्कू आहे. फुजीची तिच्याहून कितीतरी उदार, हे मी मान्य करतो. तिचं वजन उगीच नाही.

दादाचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, मोबाइल आहे की!’’ आहे. पण हंपीच्या उन्हात त्याच्या पडद्यावर मला माझाच चष्मा दिसतो, आणि दोन्ही हातांनी तो समोर धरलेला माणूस आरती ओवाळतोय असं वाटतं. डोळा टेकवायला भोक हवंच. त्या भोकापायी मी आणखी काही हलके कॅमेरे नाकारले. ज्यांना ते नव्हतं ते.

हलका कॅमेरा हा मुळातच आजाऱ्याचा शोध आहे. लायका बनवणारे ऑस्कर बार्नाक यांना दमा होता. काचेच्या प्लेटांचं धूड घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा केला. 1925 साली तो लायप्झिगच्या जत्रेत विक्रीला आला. त्यांचा दमा, माझा खांदा. घराणं चांगलं आहे.

अखेर ऑलिंपस घेतला, आणि पैशाला पैसा जोडून 25 मिलिमीटरची, उजेड भरपूर घेणारी 137 ग्रॅमची आणखी एक लेन्स. मग अजिंठा. तिथं फ्लॅशला बंदी आणि लेण्यांत संध्याकाळच्या माजघराइतका उजेड. या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतःच हलून हाताची थरथर झेलतो, त्यामुळे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मला तिपाईशिवाय उमटवता आला. पद्मपाणी हलत नाही हा त्याचा मोठाच गुण. त्याच्यापुढून जाणारी सहल मात्र हलते, आणि ती फोटोत भुतावळीसारखी आली आहे. थरथर झेलणारी युक्ती आपल्या हातापुरती. समोरच्याच्या पायांवर तिचा इलाज चालत नाही.

तक्रारीही आहेत. एका बॅटरीत साडेतीनशेच्या आसपास फोटो; जुना आरसेवाला आठ-नऊशे सहज काढायचा, कारण त्याला डोळ्यापुढचा पडदा सतत पेटता ठेवावा लागत नसे. दुपारी जेवणाआधीच बॅटरीने मान टाकली. लेन्स बदलताना आत आरसा नसल्यामुळे सेन्सर उघडाच, आणि धूळ त्याची वाटच पाहत असते. शिवाय तो ‘खटॅक’ गेला. आता नुसतं ‘टिक’. पाल चुकचुकावी तसं.

पण लेणी चढून-उतरून झाल्यावर खांद्याला कसली खबर नव्हती. हिनेच तो माझ्या गळ्यातून काढून घेतला आणि मी पायरीवर बसून केळं खात असताना माझा फोटो काढला. तोंड भरलेलं, डोळे मिटलेले. मी पुसून टाक म्हटलं, तर म्हणाली, ‘‘राहू दे. चांगला आलाय. खांद्यावर कोणाचा हात नाही.’’

आता कॅमेरा कपाटात नसतो. दाराजवळ छत्रीच्या खुंटीला असतो. परवा तो अडकवूनच दूध आणायला गेलो, तर डेअरीवाला म्हणाला, ‘‘काका, आज कुठं प्रवासाला?’’