नोकरी असलेला माधव आपटे

(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय 'डोंबिवली फास्ट'. निशिकांत कामतचा २००५ सालचा पहिला चित्रपट. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे 'एवनो ओरुवन' नावाने तो तमिळमध्येही गेला. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. 'सामान्य माणसाचा उद्रेक' हे त्याचं वर्णनही पाठ आहे. मला या वर्णनाशीच भांडायचंय. कारण हा सामान्य माणसाचा नव्हे, नोकरी असलेल्या सामान्य माणसाचा चित्रपट आहे, आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीत या दोघांतलं अंतर फार वाढलंय.

चित्रपटाची सुरुवात आठवा. तीच सकाळ, तीच गाडी, तीच बँक, तीच परतीची गर्दी. संकलनाची लय अशी काही जमलीय की दोन मिनिटांत आपल्यालाच गुदमरायला होतं. चित्रपटातला हा सगळ्यात चांगला भाग, यात माझ्या मनात शंका नाही. पण आज डोंबिवलीतल्या पंचविशीच्या बी.कॉम. मुलाला तो दाखवा आणि विचारा. त्याला कंटाळा नाही दिसणार, त्याला महिन्याच्या महिन्याला जमा होणारा पगार दिसेल. रोज तेच करायला मिळणं ही ज्याला शिक्षा वाटते, त्याच्या खिशात कायम नोकरीचं पत्र असतं.

या चित्रपटाची तुलना जोएल शूमाकरच्या १९९३ च्या 'फॉलिंग डाऊन'शी नेहमी होते. दुकानात जास्त पैसे मागतात आणि नायकाच्या हातात बॅट येते, ते दोन्हीकडे आहे. नक्कल की प्रेरणा, यावर पुष्कळ शाई खर्च झालीय. मला महत्त्वाचं वाटतं ते इकडे येताना काय गळालं ते. मायकेल डग्लसने केलेला तो माणूस संरक्षण कारखान्यातून काढून टाकलेला असतो, आणि घरी न सांगता रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत असतो. आपट्यांना नोकरी आहे. म्हणजे गोष्ट डोंबिवलीत आली आणि बेकारी वाटेत उतरली. उरला तो भ्रष्टाचार.

आता हे कुठल्या काळात झालं बघा. डोंबिवलीजवळचा प्रीमियरचा मोटार कारखाना तोपर्यंत संप आणि टाळेबंदीतून गेलेला. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची अगदी सुरुवातीची वसाहत, तिथे यंत्रांच्या शेडच्या जागी आयटी पार्क उभे राहत होते. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने १९९७ मध्येच गिरणगावातलं एक घर रंगमंचावर आणलं होतं. त्या बेकारीने गाडीने कल्याणपर्यंत यायला उशीर केलेला नाही, आपल्या चित्रपटाने तिला बघायला केला.

आपटे बँकेत आहेत, तर बँकेचंच घेऊ. त्यांच्यासारखी माणसं ज्या काळात लागली, तेव्हा एकदा परीक्षा पास झालं की निवृत्तीपर्यंतचा प्रश्न मिटायचा. आता सरकारी बँकांच्या क्लार्कसाठी आयबीपीएसची पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा. क्लास, अभ्यासिका, ठाणे-डोंबिवलीच्या वाचनालयांमधल्या सकाळी सातला भरणाऱ्या खुर्च्या. आणि शेजारी दुसरं दार: स्टेट बँकेने २०२३ मध्ये पदवीधर अप्रेंटिसच्या ६,१६० जागा काढल्या. एक वर्ष, महिना १५ हजार, आणि पुढे सामावून घेण्याची हमी नाही. राज्य सरकारची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजनाही त्याच जातीची. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा हजार. सहा महिने, मग वाढवून अकरा. मुदत संपली आणि तीच मुलं 'कायम करा' म्हणत आंदोलनात उतरली. सरकार म्हणतं आम्ही शिकवलं. मुलं म्हणतात, अहो, आम्ही तर काम केलं.

इथे मला एक न निघालेला चित्रपट दिसतो. २० मार्च २०१८, सकाळची वेळ, माटुंगा-दादरच्या मध्ये रेल्वेचे अप्रेंटिस रुळांवर बसले. मध्य रेल्वे काही तास ठप्प. रेल्वेतच प्रशिक्षण घेतलेल्यांना भरतीत २० टक्के राखीव जागा आहेत, ती मर्यादा काढा, सगळ्यांना घ्या, ही मागणी. मागे गाड्यांची रांग लागलेली, कल्याण-डोंबिवलीची माणसं आत घामाघूम.

त्या गाडीत माधव आपटे बसलाय असं समजा. तो कुणाच्या बाजूने?

मला वाटतं चित्रपटाकडे याचं उत्तर नाही, आणि त्याची खरी मर्यादा इथे आहे. आपट्यांचा सगळा संताप एका गृहीतावर उभा आहे: नियम चांगले आहेत, लोक ते मोडतात. छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नका. लाच घेऊ नका. पण त्या मुलांच्या बाबतीत नियम कुणी मोडलाच नव्हता. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने मालकावर नोकरी देण्याचं बंधन घातलेलंच नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीने म्हटलं, मालकाने आपलं धोरण स्वतः ठरवावं. सगळं कायद्याप्रमाणे! बॅट घेऊन फोडणार काय? समोर ना दुकानदार, ना हवालदार. आहे ते एक परिपत्रक.

म्हणून 'आजचा माधव आपटे कोण' असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. कंत्राटावरचा मुलगा एवढा मोठ्याने चिडूच शकत नाही, त्याचं पुढचं पत्र साहेबाच्या सहीवर अडकलेलं असतं. त्याच्यावर चित्रपट करायचा तर वेग कामाचा नाही. वाट बघणं दाखवावं लागेल, आणि ते पडद्यावर फार अवघड. कामतने हे का केलं नाही असं मी विचारत नाही. त्याला करायचा होता तो चित्रपट त्याने उत्तम केला. आपण मात्र त्या एका चित्रपटाकडून या सगळ्या पट्ट्याचं चित्र मागत राहिलो.

जाता जाता एक हिशेब. आपट्यांची मुलं २००५ मध्ये शाळेत जाणारी. म्हणजे आज पंचवीस ते तिशीच्या आसपास. बँकेच्या क्लार्कसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ आहे.

चला, प्रश्न घेऊ या.