बुडीत खात्यातलं हॉटेल

मराठीत धंदा बुडतो, पैसे बुडतात, घराण्याचं नाव बुडतं आणि पाहुणे आले की पोरांची शाळा बुडते. हॉटेलही बुडतं. पण आपल्याकडचं बुडालेलं हॉटेल जमिनीवरच असतं: दाराला कुलूप, पाटी तिरकी आणि आत टेबलांवर उलट्या घातलेल्या खुर्च्या. हॉटेल खऱ्या अर्थानं, म्हणजे नाकातोंडात पाणी जाऊन, बुडवून दाखवलं ते हाँगकाँगनं. 2022 सालच्या जूनमध्ये 'जम्बो' नावाचं मासळीचं राजेशाही तरंगतं हॉटेल दक्षिण चिनी समुद्रात गेलं. चाळीसहून अधिक वर्षं माणसांनी तिथं मासे खाल्ले. शेवटी माशांची पाळी आली.

ह्या हॉटेलात मी जेवलेलो नाही. पण पुस्तक न वाचता परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे जुनी आणि सन्माननीय परंपरा आहे. तिच्या आधारे न जेवता हॉटेलाचं परीक्षण करायला हरकत नसावी. शिवाय जम्बोसाठी ज्यांनी टिपं गाळली, त्यांतलेही पुष्कळजण तिथं कधी जेवले नव्हते. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मूळ कथा साधी. हाँगकाँगच्या दक्षिणेला अ‍ॅबर्डीनचं बंदर. तिथले कोळी होडीवर जन्मायचे, होडीवर संसार करायचे. साहजिकच लग्नाच्या पंगतीही पाण्यावरच उठायच्या आणि त्यासाठी खास मोठ्या नावा असायच्या. त्यांतूनच पुढं तरंगती हॉटेलं आली. 1952 साली 'ताय पाक' निघालं. मग त्याच्या मालकांना त्याहून दांडगं हॉटेल बांधण्याची हौस आली. जम्बो जवळजवळ बांधून झालं, आणि उघडण्याच्या तोंडावर, 30 ऑक्टोबर 1971 रोजी, त्याला आग लागली. चौतीस माणसं गेली. ह्या वाक्यावर विनोद होत नाही, म्हणून पुढं जाऊ.

पुढं ते घेतलं मकावचे जुगारसम्राट स्टॅनले हो आणि त्यांच्या भागीदारानं. जुगारवाल्याला हॉटेलचा धंदा सोपा वाटला असेल तर नवल नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईक हसत आत येतं आणि खिसा चाचपत बाहेर पडतं. तीन कोटींहून जास्त हाँगकाँग डॉलर ओतून 1976 च्या ऑक्टोबरात जम्बो उघडलं. लांबी सुमारे शहात्तर मीटर, एका वेळी तेवीसशे माणसांची पंगत. थाट चिनी बादशहाच्या राजवाड्याचा: सोनेरी ड्रॅगन, लाल खांब, रात्री दिव्यांची अशी आरास, की किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला न जेवताच पोट भरल्यासारखं व्हावं. होडीत बसून जायचं, टाकीतला जिवंत मासा बोटानं दाखवायचा आणि तोच थोड्या वेळानं आल्याच्या वाफेत निजून ताटात यायचा. इंग्लंडची राणी येऊन गेली, टॉम क्रूझ येऊन गेला. चित्रपटवाले तर हक्कानं येत. जम्बोनं पडद्यावरही कामं केली.

एकूण पाहुणे किती आले? तीन कोटींहून अधिक. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांतले दुसऱ्यांदा किती आले, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हॉटेलचं आयुष्य तर त्या प्रश्नात असतं. महागडं, दिखाऊ, बाहेरच्या पाहुण्याला एकदा दाखवून आणायचं ठिकाण, असं खुद्द हाँगकाँगकर म्हणत. आणि ज्या कोळ्यांच्या पंगतींतून हे सगळं सुरू झालं, ते एव्हाना होड्या सोडून किनाऱ्यावरच्या सरकारी इमारतींत राहायला गेले होते. म्हणजे घरचं गिऱ्हाईक गेलं, उरले ते कॅमेरा घेऊन येणारे. कॅमेऱ्याला चव कळत नाही. त्यामुळं आचाऱ्यापेक्षा रंगाऱ्याचं महत्त्व वाढलं.

2013 पासून जम्बो तोट्यात होतं. तोटा दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनानं दार बंद केलं. मग मालक म्हणाले, फुकट घ्या. दहा-बारा ठिकाणी विचारून झालं. प्रत्येकानं ड्रॅगनचं कौतुक केलं आणि डागडुजीचा खर्च ऐकून घड्याळात पाहिलं. जवळच्या ओशन पार्कला ते द्यावं असं सरकारनंही सुचवून पाहिलं. पार्कनं नम्रपणे हात जोडले. पांढरा हत्ती सगळ्यांना हवा असतो, फक्त शेजारच्याच्या अंगणात.

14 जून 2022 ला जम्बो ओढत नेलं, तेव्हा किनाऱ्यावर निरोपाला ही गर्दी! पाच दिवसांत, 19 जूनला, शिशा बेटांजवळ ते उलटलं. खाली हजार मीटरहून खोल पाणी. सुदैवानं माणसं सुखरूप. त्यावर मालकांच्या कंपनीनं खुलासा केला, की आम्ही 'उलटलं' म्हटलंय, 'बुडालं' म्हटलेलं नाही. बुडण्याबद्दल इतकं काटेकोर बोलणं आमच्याकडे फक्त पतपेढीच्या वार्षिक सभेत ऐकू येतं.

त्यानंतर जो शोक झाला, तो खरा होता हे मी मानतो. शहराचं ओळखीचं तोंड अचानक नाहीसं झालं, की पोटात खड्डा पडतो. पण पुतळा फुटला तर शोक करावा. हॉटेल हा पुतळा नव्हे. त्याला रोज चूल पेटवावी लागते आणि त्या चुलीसाठी रोज कुणीतरी भुकेलं यावं लागतं. जम्बोवर शहराचं प्रेम होतं, भूक नव्हती. नुसत्या प्रेमावर संसार चालत नाही हे नवराबायकोला पहिल्या महिन्याच्या वीस तारखेला कळतं. शहराला कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

गंमत म्हणजे जम्बोला ओढून नेलं तेव्हा धाकटं, जुनं, कमी दिमाखाचं ताय पाक बंदरातच मागं राहिलं. तेव्हा आपल्या गावातलं एखादं हॉटेल 'आपलं' वाटत असेल, तर त्याच्या आठवणी लिहिण्याआधी ह्या आठवड्यात तिथं जाऊन जेवून या. मासा ताजा नसेल तर तोंडावर सांगा. शिव्या देणारं गिऱ्हाईक परत येतं, हारतुरे आणणारं एकदाच येतं. आणि बिल जागच्या जागी द्या. उधारी फार लवकर बुडते.