हापशाच्या दांड्याने काय सिद्ध झाले?

विज्ञानाच्या पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, त्या एका हापशाभोवती गोळा झालेल्या दिसल्या, हापशाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली. सबब, पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या विज्ञान-निबंधांतही ही गोष्ट बहुधा याच क्रमाने येते, आणि परीक्षक समासात बरोबरची खूण करून पुढे जातो.

गोष्ट छान आहे. युक्तिवाद म्हणून मात्र ती फारच कच्ची आहे, आणि गंमत अशी की स्नो यांनी स्वतः तो तसा केलेलाच नाही.

पटकीच्या प्रसाराविषयीचे त्यांचे लिखाण १८४९ साली लहानशा पुस्तिकेच्या रूपाने निघाले. १८५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते बरेच वाढले. दांड्याविषयी या आवृत्तीत काय आहे ते पाहा. स्नो यांच्याच कोष्टकाप्रमाणे १ सप्टेंबरला प्राणघातक आजाराचे १४३ नवे रुग्ण होते. दांडा निघाला ८ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी नवे रुग्ण होते अवघे १२. म्हणजे साथ आधीच ओसरत आली होती. लोक भाग सोडून पळाल्यामुळे आजार कमी झाला होता आणि दांडा काढला तेव्हा विहिरीत विष शिल्लक होते की नाही हे सांगता येत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. नकाशाही शोधाचे साधन नव्हता. दांडा निघाल्यानंतर, मांडणी स्पष्ट व्हावी म्हणून तो काढला गेला. शिवाय हापशाभोवती मृत्यू गोळा झाले, यावर दूषित हवेचा सिद्धांत मानणारा सहज म्हणेल, 'बरोबरच आहे. तिथली हवा वाईट होती.' दोन्ही मतांना सारखाच बसणारा पुरावा कितीही ठसठशीत असला, तरी तो कोणत्याच बाजूचा नसतो.

दूषित हवेचे मत मांडणारे लोक काही अडाणी नव्हते. इंग्लंडच्या मृत्युनोंदींचे काम पाहणारे विल्यम फार हे अव्वल दर्जाचे संख्याशास्त्रज्ञ होते. १८४९ च्या साथीच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवले, की लंडनमध्ये जमीन जितकी उंच, तितके पटकीचे मृत्यू कमी. थेम्सकाठच्या अगदी सखल भागांत दर दहा हजार वस्तीमागे सुमारे शंभर मृत्यू, तर हॅम्पस्टेडच्या टेकडीवर दहापेक्षाही कमी. मधल्या पायऱ्यांसाठी त्यांनी एक सूत्रही बसवले आणि ते चांगले जुळले. नदीतून उठणारी घाणेरडी वाफ खाली दाट व वर विरळ, हे स्पष्टीकरण ओघानेच आले. आकडे खरे, सूत्र जुळणारे आणि निष्कर्ष चूक! सखल भागांतले पाणीही बहुतेक थेम्सच्या घाण टप्प्यातलेच होते. उंची आणि पाणी या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आलेल्या होत्या. त्या सोडवल्याशिवाय आकडे कितीही गोळा केले तरी उपयोग नव्हता.

स्नो यांचे मोठेपण या सोडवणुकीत आहे. ब्रॉड स्ट्रीटजवळच पोलंड स्ट्रीटवर निराधारांसाठी एक कामघर होते. तिथे ५३५ माणसे राहत होती आणि मेली फक्त पाच. सभोवतालच्या रस्त्यांच्या प्रमाणात मृत्यू झाले असते, तर ते शंभरावर गेले असते. हवा तीच, पण कामघराची विहीर स्वतःची होती. शेजारच्या दारूभट्टीत सत्तरावर कामगार होते आणि तिथे कुणीच दगावले नाही. त्यांना प्यायला बिअर होती आणि आवारात विहीरही होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते म्हणून रोज मागवून घेई. ती पटकीने वारली. नकाशावर शेकडो काळ्या रेघा आहेत, पण वादाचा निकाल लागायला मदत होते ती या तीन-चार ठिकाणी.

पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग मात्र शाळेपर्यंत पोचतच नाही. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन कंपन्यांचे नळ त्याच रस्त्यांवरून गेले होते. एका घरात एकीचे पाणी, तर शेजारच्या घरात दुसरीचे. हवा, उंची, गरिबी-श्रीमंती सारे सरमिसळ. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवले होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीलाच, शहराची घाण मिसळलेले पाणी उचलत राहिली. स्नो मृत्यू झालेल्या घरोघरी जाऊन कंपनीचे नाव विचारू लागले. अनेकांना ते माहीतच नसे. तेव्हा घरातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून ते क्षार तपासत, कारण भरतीमुळे बॅटरसीचे पाणी जास्त खारट असे. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा: साउथवर्कची ४०,०४६ घरे, मृत्यू १,२६३, लॅम्बेथची २६,१०७ घरे, मृत्यू ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. इथे हवेचे मत मानणाऱ्याला उत्तर द्यायला जागा उरत नाही. हवेने एकच घर सोडून शेजारचे कसे निवडले?

यावरही बोट ठेवायला जागा आहे, आणि ती ठेवली पाहिजे. भाजक घरांचा आहे, माणसांचा नाही. दोन्ही कंपन्यांच्या घरांत सरासरी माणसे सारखीच, हे स्नो धरून चालतात. आठपटीहून मोठा फरक पाहता त्याने निकाल उलटत नाही, पण ते गृहीतक आहे. पाण्यातले कारण कोणते, हेही ते दाखवू शकले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना निर्णायक काही मिळाले नाही. पटकीच्या जंतूचे निर्विवाद चित्र रॉबर्ट कॉख यांच्या कामानंतर, १८८४ साली कलकत्त्याहून, मिळाले. १८५५ मध्ये आरोग्य मंडळाच्या समितीने स्नो यांचे म्हणणे मानले नाही. त्यामागे पूर्वग्रह होताच, पण युक्तिवादात मोकळ्या जागाही होत्या.

सर्वांत मोठी मोकळी जागा ब्रॉड स्ट्रीटच्याच तपासात आहे. सुरुवातीच्या ८३ मृत्यूंपैकी ७३ त्या हापशाच्या जवळचे होते. त्यांपैकी ६१ जण तिथले पाणी पीत. आकडा दणदणीत वाटतो, पण न मेलेल्यांपैकी किती जण ते पीत होते? सगळा रस्ताच तिथले पाणी पीत असेल, तर ६१ ला काय अर्थ? हा प्रश्न तडीस नेला तो हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण पाद्र्याने. तो स्नो यांना चूक ठरवायला निघाला होता. त्याने ब्रॉड स्ट्रीटवर आजारी न पडलेल्यांकडेही चौकशी केली. पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० आजारी पडले होते, न प्यायलेल्या २९७ पैकी २०. हापशालगतच्या घरात आधी आजारी पडलेले तान्हे मूलही त्यानेच शोधून काढले. त्या घराचा मैलखड्डा विहिरीला अगदी खेटून होता आणि पाझरत होता. विरोधकाने केलेले हे काम स्नो यांच्या पक्षाचा सर्वांत मोठा आधार ठरले. फार यांनीही १८६६ च्या साथीत पूर्व लंडनचे मृत्यू पाणीकंपनीनुसार मांडले आणि पाण्याकडेच बोट दाखवले. स्नो तेव्हा हयात नव्हते. १८५८ मध्येच ते वारले होते.

आपल्याकडे निबंध तपासताना मुद्दे मोजतात. स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट विद्यार्थ्याने लिहिली, तर बहुतेक वेळा 'विषयांतर' असा शेरा मिळतो. विरुद्ध मताचे म्हणणे त्याने नीट मांडले आणि ते कोणत्या पुराव्यापुढे टिकत नाही हे दाखवले, तर त्याला गुण कुठे द्यायचे, हे आपल्या गुणदान-योजनेत नसते. मग मुले दांड्याची गोष्ट लिहितात. त्यात त्यांचा काय दोष?

नववी-दहावीच्या एखाद्या तासाला फळ्यावर एवढेच लिहून पाहावे: मृत ७३, पैकी हापशाचे पाणी पिणारे ६१. 'यावरून काय सिद्ध होते?' असे विचारू नये. 'आणखी कोणता आकडा हवा?' असे विचारावे. व्हाइटहेडचे आकडे दुसऱ्या दिवशी द्यावेत.