राणी हरवलेलं पोळं?

नील ब्लोमकॅम्प यांच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) या चित्रपटात १९८२ साली जोहान्सबर्गवर एक अवकाशयान येऊन थांबतं. त्यातल्या परग्रहवासीयांकडे माणसांहून प्रभावी शस्त्रं असतात, तरी ते झोपडपट्टीत कोंडले जातात. असं का? हे नुसते कामकरी, त्यांचं नेतृत्व बहुधा आजारात संपलं, असं चित्रपटातले तज्ज्ञ सुचवतात.

आम्हांला हे पटत नाही. मधमाश्यांचंच पाहा. राणीमाशी अंडी घालते, हुकूम सोडत नाही. नव्या घराची जागा कामकरी माश्याच शोधतात, नाचून इतरांना सांगतात. एका जागी पुरेशा माश्या जमल्या की निर्णय होतो.

शिवाय ख्रिस्तोफर हा परग्रहवासी वीस वर्षं चिकाटीनं इंधन गोळा करतो. म्हणजे बुद्धी आहेच. मात्र वस्ती हलवण्याच्या कागदावर त्याची सही मागतात, ती सारं ठरल्यावर!

चित्रपटाचं नाव केपटाऊनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ची आठवण देतं. तो भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव झाला; पुढे साठ हजारांवर माणसं तिथून हलवली गेली. तेव्हा संसदेत फक्त गोरेच बसत. दुबळेपणाचं कारण शरीरात शोधण्याआधी निर्णय कोण घेतं, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारू या.