विलंब कोणाचा? : एका चेलोवादनाच्या निमित्ताने

आपल्या नियतकालिकांतून कविता, आत्मकथने, कथा आणि नाटके यांवर भरपूर लिहिले गेले आहे. आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांचीही दखल घेतली गेली. परंतु ज्या संगीतात शब्दच नाही त्याकडे आपण सहसा वळत नाही. याचे कारण उघड आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले त्यांच्या हाती अक्षर आले, तेव्हा त्यांनी ते प्रथम साक्ष देण्यासाठी वापरले. कोणी मारले, कोठे मारले, कोण गप्प राहिले, हे शब्दांनीच सांगता येते. सुरांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. म्हणून निःशब्द वाद्यसंगीत ही भरल्या पोटी ऐकायची चीज आहे, असा समज आपल्यात रुजला. हा समज निराधार नाही, पण अपुरा आहे. बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तिच्यातून आपल्या समीक्षेसाठी काही निष्पन्न होते काय, हे मात्र विचारत नाही.

प्रस्तुत लेखात मी एका विदेशी वाद्यसंगीताचा विचार करणार आहे. प्रवास आणि प्रतीक्षा हा त्याचा विषय आहे. ज्यांना वाट पाहायला लावणे हीच येथील व्यवस्थेची रीत होती, त्या समाजाला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

कॅनडात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेल्या चेलोवादक ज्यूलिया केंट यांची 'डिले' ही ध्वनिमुद्रिका २००७ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी 'रासपुतिना' आणि 'अँटनी अँड द जॉन्सन्स' या वृंदांत त्या इतरांबरोबर वाजवीत होत्या. कार्यक्रमांसाठी देशोदेशी फिरताना विमानतळांवर जो वेळ जातो, त्यातून ही ध्वनिमुद्रिका जन्मली. रचनांची नावेही विमानतळांचीच आहेत. 'गार्डरमोएन' हा ऑस्लोचा, 'आर्लांडा' स्टॉकहोमचा, 'डोरव्हाल' माँट्रियलचा, 'आयडलवाइल्ड' न्यूयॉर्कचा. यांतील शेवटची दोन नावे २००७ साली अधिकृतपणे उरलीच नव्हती. आयडलवाइल्डला १९६३ मध्ये केनेडींचे नाव दिले गेले आणि डोरव्हालला २००४ मध्ये पिएर ट्रूडो यांचे. पाटीवरून पुसलेल्या नावाच्या ठिकाणी कोणीतरी बसून आहे, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले वाद्य. पण आकाराने इतके मोठे की बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवावे लागते. तारा चारच. त्याचा पल्ला पुरुषाच्या खर्जाच्याही खालून सुरू होतो आणि स्त्रीच्या आवाजापर्यंत चढतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते माणसाच्या कंठासारखे वाटते. युरोपीय संगीतात त्याचे नेमून दिलेले काम दीर्घकाळ साथीचे होते. वरच्या सुरांनी मिरवायचे आणि चेलोने तळ धरून ठेवायचा. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा रचनामालिका लिहिल्या, पण मैफलीत कोणी त्या क्वचितच वाजवी. बहुतेकांच्या लेखी ते रियाजाचे धडे होते. पुढे १८९० मध्ये पाब्लो कासाल्स या तेरा वर्षांच्या कॅटलान मुलाला बार्सिलोनातील एका दुकानात त्यांची छापील प्रत मिळाली, आणि त्याने केलेले सर्व मालिकांचे ध्वनिमुद्रण पुरे व्हायला १९३९ साल उजाडले. साथीला बसवलेल्याने एकट्याने बोलावे आणि लोकांनी ते ऐकावे, याला एवढा काळ लागला. आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसले तर मला नवल वाटणार नाही.

केंट यांची वादनाची रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या एकट्याच वाजवतात, पण ऐकू येतात अनेक चेलो. वादकाच्या पायाशी एक यंत्र असते. वाजवलेला तुकडा ते टिपून घेते आणि तोच पुन्हा पुन्हा ऐकवत राहते. त्यावर वादक दुसरा तुकडा वाजवतो, मग तिसरा. खाली एक छोटी सुरावट फिरत राहते आणि वर गजाचा लांब स्वर हळूहळू ओढला जातो. इंग्रजीत 'डिले' म्हणजे उशीर. आणि आवाज काही क्षणांनी परत ऐकवण्याच्या यांत्रिक क्रियेलाही 'डिले' म्हणतात. एकच शब्द विषयाचेही नाव आहे आणि तंत्राचेही. येथे आशय आणि घाट हे दोन वेगळे पदार्थ राहत नाहीत. वाट पाहणाऱ्याचे मन असेच तर चालते. तोच विचार फिरून येतो, त्यावर नवा थर चढतो, आणि पहिला काही जात नाही.

मी यांतल्या दोन-तीन रचना माझ्या काही विद्यार्थ्यांना ऐकवल्या. एकाने विचारले, "सर, ह्यात रडतंय कोण?" दुसरा त्याहून थेट बोलला. "विमानाची वाट बघणाऱ्याचं दुःख आपण कशापायी ऐकायचं?" हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माझ्या मते या संगीताच्या समीक्षेचा तोच खरा आरंभ आहे.

विमानतळावरच्या प्रवाशाच्या खिशात तिकीट असते. उशीर झाला तरी त्याचे जाणे ठरलेले असते. त्याला कोणा माणसाने अडवलेले नसते. धुके असते, यंत्रातला बिघाड असते, वेळापत्रक असते. म्हणून त्याची प्रतीक्षा उदास होऊ शकते, अपमानित होत नाही. आता आमच्याकडची प्रतीक्षा पाहा. माझे वडील मजूर अड्ड्यावर सकाळी सहापासून उभे राहत. दहापर्यंत कोणी नेले नाही तर डबा तसाच घरी येई. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा उलटून गेल्यावर हाती पडे. तोवर खानावळवाल्याच्या वहीत नाव असे आणि त्याच्या नजरेत प्रश्न. पुढे तासिका तत्त्वावर शिकवू लागलो, तेव्हा मानधनाची वाट पाहणे हाही कामाचाच भाग झाला. या प्रत्येक ठिकाणी वाट पाहणारा एक असतो आणि वाट पाहायला लावणारा दुसरा. 'डिले'मध्ये हा दुसरा कोठेच नाही. ही या संगीताची मर्यादा आहे आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. कर्ता वगळला की विलंब हवामानासारखा वाटू लागतो, आणि हवामानावर कोणी मोर्चा काढीत नाही.

प्रवास आणि प्रतीक्षा यांचा आपला मूळ ग्रंथ बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. तिचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. स्वतःच्याच देशात ज्याला परवान्याची वाट पाहावी लागते, त्याची ही प्रवासवर्णने आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर मुले उतरतात. वडिलांचा माणूस येत नाही, स्टेशन रिकामे होते. स्टेशनमास्तर विचारपूस करतो आणि जात कळताच मागे सरतो. गाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नाही. मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. जवळ खायला आहे, पण रात्रभर पाणी मिळत नाही. पुढे बडोद्यातला प्रसंग येतो. विदेशातून शिकून आलेला हा विद्वान पारशी धर्मशाळेतून बाहेर काढला जातो, आणि मुंबईच्या गाडीला अवकाश असल्यामुळे सुमारे पाच तास कमाठी बागेत बसून काढतो.

या पाच तासांपाशी मला थांबायचे आहे. त्यांना पुस्तकात किती जागा मिळाली आहे? काही वाक्ये. मन कधी रिकामे होते, कधी दुःखाने भरून येत होते, आईवडिलांची आठवण येत होती, एवढेच बाबासाहेब सांगतात आणि पुढे जातात. त्यांनी असे लिहिले हे योग्यच होते, कारण ते अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या वाचकाला समजावून देत होते. परंतु भाषेचा हा स्वभावच आहे. 'पाच तास बसलो' हे वाचायला एक क्षण लागतो. शब्द काळाची घडी घालून ठेवतात. संगीताला ही सवलत नाही. पाच मिनिटांची रचना ऐकायला पाच मिनिटेच लागतात. तिचा सारांश ऐकता येत नाही. फिरून तीच सुरावट येते तेव्हा ऐकणारा अस्वस्थ होतो, आता काही घडेल म्हणतो, आणि काही घडत नाही. वाट पाहण्यातले हे न घडणे 'डिले'ने जसेच्या तसे आपल्या अंगावर घातले आहे. माझ्या मते हे तिचे बळ आहे, आणि ते तिच्या मर्यादेइतकेच खरे आहे.

मग या संगीताचे आपण काय करायचे? सूर शब्दाने बांधलेले नसतात. त्यामुळे विलंबाचे कारण ऐकणाराच बरोबर घेऊन येतो. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ पाहा. १९४८-४९ च्या नाकेबंदीत शहराला अन्न आणि कोळसा पुरवणारी विमाने येथे उतरली म्हणून तो गौरवला जातो. त्याच मैदानाच्या कडेला नाझींची कोलंबिया ही छळछावणी होती, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. ३० ऑक्टोबर २००८ रोजी विमानतळ बंद झाला. २०१५ च्या अखेरीस त्याच्या हँगरमध्ये सीरिया, इराक, अफगाणिस्तान येथून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. छप्पर तेच राहिले. पूर्वी तेथे बसणाऱ्याला विमानाची वेळ ठाऊक असे. नंतर तेथे झोपणाऱ्याला आपल्याला या देशात राहू देणार की नाही हेच ठाऊक नव्हते. केंट यांची सुरावट या दोघांच्याही कानात घाला. पहिल्याला ती उदास आणि सुंदर वाटेल. दुसऱ्याला ती ओळखीची वाटेल.

म्हणून 'हे आपले नव्हे' असे म्हणून ही ध्वनिमुद्रिका बाजूला सारण्यास मी तयार नाही; आणि कला वैश्विक असते असे म्हणून तिच्यापुढे मान तुकवण्यासही तयार नाही. वैश्विकतेच्या नावाखाली प्रवासी आणि निर्वासित एकाच बाकावर बसवले जातात, आणि त्या बाकाखालची फरशी पुसणारी बाई तर हिशेबातच धरली जात नाही. तिच्या दुखऱ्या कमरेला हा विलंब कसा ऐकू येतो, हे विचारणे आपल्या समीक्षेचे काम आहे. केंट यांनी साऱ्या जगाच्या वतीने बोलण्याचा दावा केलेला नाही. तो दावा रसिक करतात, तेव्हा प्रश्न रसिकांना विचारावा.

शेवटी आपल्या लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्या आत्मकथनांनी आघात फार समर्थपणे लिहिला. शिवी, थप्पड, विटाळ, जळीत घर, हे प्रसंग मराठी वाचक विसरणार नाही. पण आघाताच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास आपण अजून पुरते लिहिलेले नाहीत. तहसील कचेरीच्या व्हरांड्यातली दुपार, जात पडताळणीच्या कागदासाठी घातलेला सातवा हेलपाटा, निकालाची तारीख पुन्हा पुढे गेल्यावर परतीच्या एसटीत काढलेले दोन तास. येथे रक्त सांडत नाही म्हणून आपण एका ओळीत आवरते घेतो. आजची व्यवस्था मात्र हात उगारण्याआधी तारीख देते. तारखांमध्ये माणसाचे वय जाते आणि कोणावर गुन्हाही दाखल होत नाही.

हा काळ त्याच्या पूर्ण लांबीने कागदावर कसा आणायचा, हा घाटाचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मला या चेलोच्या फिरून येणाऱ्या सुरावटीत सापडते. घाट तेथून घ्यायला हरकत नाही. तिने न सांगितलेले नाव मात्र आपल्याला सांगावे लागेल. व्हरांड्यात बसलेल्याची दुपार लिहिताना आतल्या खोलीतल्या खुर्चीवर कोण बसले आहे, तेही लिहावे लागेल.