सवलत कीं हक्क?

न्यायालयाच्या निकालपत्राकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाहीं. तें वकिलांनीं वाचावें आणि पक्षकारांनीं सोसावें, अशी आपली समजूत. तथापि एक निकालपत्र असें आहे, कीं तें प्रत्येक मराठी वाचकानें एकदां तरी डोळ्यांखालून घालावें. कारण त्याच्या केंद्रस्थानीं एका मराठी पुस्तकाचें हस्तलिखित आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर १९६५ मध्यें दिलेला हा निकाल होय. तो न्यायमूर्ति के. सुब्बा राव यांनीं लिहिला आहे.

खटल्याची हकीकत साधी आहे. भारत संरक्षण नियम, १९६२ यांच्या आधारें श्री. संझगिरी यांस मुंबईच्या तुरुंगांत स्थानबद्ध करण्यांत आलें होतें. ही स्थानबद्धता एखाद्या गुन्ह्याबद्दलची शिक्षा नव्हती. पुढें कांहीं अनिष्ट घडूं नये म्हणून सरकारनें घेतलेली ती खबरदारी होती. तेथें असतां त्यांनीं सरकारच्या परवानगीनें 'अणूच्या अंतरंगांत' ह्या नांवाचें एक शास्त्रीय पुस्तक मराठींत लिहिलें. मग प्रकाशनार्थ तें हस्तलिखित पत्नीकडे पाठविण्याची त्यांनीं परवानगी मागितली, ती मात्र सरकारनें नाकारली. लिहिण्यास परवानगी, परंतु लिहिलेलें बाहेर जाण्यास मनाई, असा हा चमत्कारिक प्रकार! मुंबई उच्च न्यायालयानें हस्तलिखित जाऊं द्यावें असा हुकूम केला. त्यावर सरकारनें दिल्लीस अपील केलें.

पुस्तक घातक आहे, असें सरकारचें म्हणणें नव्हतेंच. त्याचा युक्तिवाद ह्याहून खोल जाणारा होता. माणूस एकदां स्थानबद्ध झाला, कीं त्याचें स्वातंत्र्य समूळ संपतें. मग स्थानबद्धांविषयींच्या १९५१ च्या मुंबई सरकारच्या हुकमांत पत्रें, भेटी, वर्तमानपत्रें वगैरे ज्या सवलती नमूद केल्या आहेत, तेवढ्याच त्याच्या पदरीं पडतात. पुस्तक प्रसिद्ध करण्याची सवलत तेथें लिहिलेली नाहीं, म्हणून ती नाहीं.

सुब्बा रावांनीं ह्या सगळ्या इमारतीचा पाया एका दाखल्यानें काढून घेतला. हा युक्तिवाद खरा मानला, तर हुकमांत अन्न देण्याचें कलम नसल्यास स्थानबद्धास उपाशी मारतां येईल, असें त्यांनीं दाखविलें. तेव्हां तो हुकूम म्हणजे सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे; ज्यावर निर्बंध नाहीं, तें त्या माणसाचें स्वतःचेंच आहे. आणीबाणीमुळें व्यक्तिस्वातंत्र्यासाठीं न्यायालयाकडे जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या हुकमानें स्थगित झाला होता, हें खरें. परंतु तो अडसर संरक्षण नियमांना धरून केलेल्या कृतीपुरताच होता. नियमांत नसलेल्या मनाईला त्याचा आडोसा मिळत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. त्याच महिन्यांत पाकिस्तानशीं युद्ध पेटलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या निर्णयाचें मोल कळतें.

मराठी वाचकास हें मोल समजण्यास लोकमान्यांचें उदाहरण पुरे आहे. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं पेन्सिलीनें लिहिलेलें 'गीतारहस्य' १९१४ मध्यें सुटकेच्या वेळीं त्यांच्या हातीं आलें नाहीं. सरकारनें तें ठेवून घेतलें, मागाहून परत केलें, आणि १९१५ मध्यें तें छापून निघालें. परत मिळालें ही सरकारची मर्जी. न मिळतें, तर दाद मागण्यास जागा कोणती होती? पन्नास वर्षांनीं दुसरें एक मराठी हस्तलिखित तुरुंगांत अडकलें, तें मात्र मर्जीनें नव्हे, हक्कानें बाहेर आलें. पहिल्या ग्रंथाची थोरवी दुसऱ्यास नसेल. परंतु हक्क ग्रंथाची योग्यता पाहून दिला जात नाहीं, हेंच तर येथें शिकावयाचें आहे.

असो. गुणांबरोबर उणीवाही सांगितल्या पाहिजेत. हा निकाल नियमांच्या मौनावर उभा आहे. पुस्तकें बाहेर पाठवूं नयेत, अशी एक ओळ त्या हुकमांत असती तर काय झालें असतें, ह्याचें उत्तर तेथें मिळत नाहीं. शिवाय पुस्तक निव्वळ शास्त्रीय आणि निरुपद्रवी आहे, ह्या गोष्टीचाही निकालास नकळत आधार होतो. अणूविषयीं लिहिणारा सुटला. तुरुंगाविषयींच लिहिणाऱ्याचें काय? त्या दिशेचें उत्तर मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. फांशीची शिक्षा झालेल्या तामिळनाडूंतील एका कैद्याच्या आत्मचरित्राचा तो खटला होता. अधिकाऱ्यांची बदनामी होईल एवढ्या भीतीनें प्रकाशनास आगाऊ बंदी घालतां येत नाहीं, असें त्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें.

ह्या निकालपत्राची भाषा रुक्ष आहे. तींत अलंकार नाहींत, उद्गार नाहींत. एक वाक्य पुढच्या वाक्याचें ओझें उचलतें, एवढेंच. ह्या रुक्षपणाची किंमत कळण्यास त्याच न्यायालयाचा १९७६ मधील जबलपूर खटल्याचा निकाल शेजारीं ठेवावा. आणीबाणींत स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठीं हेबिअस कॉर्पसचा अर्जही करतां येणार नाहीं, असें तेथें चार विरुद्ध एक अशा मतांनीं ठरलें. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरोधांत उभे राहिले. बहुमतांत आपल्या पुण्याचे न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड होते. शिक्षा झाली म्हणून कैद्याचे सगळे मूलभूत हक्क नाहींसे होत नाहींत, असें ज्यांनीं स्वतःच १९७४ मध्यें लिहिलें होतें, तेच हे न्यायमूर्ति.

उद्यां सरकारनें स्थानबद्धांस उपाशी ठेवलें, त्यांच्यावर गोळी झाडली, तर दाद कोठें मागावी, ही भीति वकिलांनीं बोलून दाखविली होती. त्यावर, असें कधींही घडणार नाहीं, अशी हिऱ्यासारखी तेजस्वी आणि हिऱ्यासारखी कठीण आशा चंद्रचूडांनीं व्यक्त केली. दाखला उपासमारीचाच, परंतु सुब्बा रावांनीं त्यावरून युक्तिवाद त्याज्य ठरविला, आणि येथें मात्र त्याच भीतीवर सुंदर शब्दांचें पांघरूण पडलें. चंद्रचूडांच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. परंतु राज्यकर्ते भले असतील, ही आशा जेथें पुरते, तेथें कायद्याची गरजच कोठें उरते? जबलपूरचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. तो निकाल लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते. दुरुस्ती झाली, परंतु तिला एकेचाळीस वर्षें लागलीं, आणि ज्यांना ती हवी होती त्यांचे तुरुंगांतले दिवस तिनें परत आले नाहींत.

हा विषय आपल्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांचा नव्हे, असें कोणी म्हणेल. २०२२ च्या अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील तुरुंगांत दर चार माणसांपैकीं सुमारें तीन कच्चे कैदी होते; म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. त्यांच्यापैकीं कोणी पुस्तक मागितलें, पत्र पाठविलें, औषध मागितलें, अशी बातमी वाचली, कीं "कैद्याला हे लाड कशाला?" हा उद्गार आपल्या दिवाणखान्यांतून सहज निघतो. सरकारनें १९६५ मध्यें केलेला युक्तिवाद ह्याहून फारसा निराळा नव्हता. आपण तो अजून करीत आहों, इतकेंच. म्हणून हें जुनें, रुक्ष निकालपत्र पुन्हां वाचावें, आणि पुढच्या वेळीं अशी बातमी वाचतांना ह्याला परवानगी कोणीं दिली, असें न विचारतां, ह्याला मनाई कोणत्या नियमानें केली, एवढें विचारावें.