काटे खडकासाठी? मग झाडावरचा सरडा कुठे बसवायचा?

आफ्रिकेतल्या कॉर्डिलिड सरड्यांवरचा स्टॅनली आणि सहकाऱ्यांचा २०११चा पेपर एकदा वाचाच. वंशवृक्षात काही फांद्या एकाच गाठीतून एकदम फुटतात. ती न सुटलेली गाठ लेखकांनी लपवली नाही, थेट शीर्षकात घातली. हे मला आवडलं. खटकलं ते त्याच शीर्षकातलं 'खडकांवरचे'. कॉर्डिलस ट्रॉपिडोस्टर्नम टांझानिया-मोझांबिकच्या कोरड्या मिओंबो रानात झाडांवर राहतो, सुटलेल्या सालीखाली, ढोलीत. अंग मात्र काटेरीच! उलट प्लॅटिसॉरस खडकाच्या फटीत राहतो आणि चपटा, गुळगुळीत. मग काटे फटीसाठीच आले, असं कसं म्हणणार? डीएनएवरून नातं कळतं, काट्यांचं काम नाही. तुमच्या प्रपोजलमध्ये या दोन प्रश्नांच्या पद्धती वेगळ्या लिहा. गाईड नेमकं तिथेच बोट ठेवतात.